मल्लविद्येतील मानस-सराव

हालचाल प्रत्यक्ष न करता ती मनात, तिच्या सर्व संवेदनांसह, ठरवून आणि पुनःपुन्हा घडवून आणण्याच्या अभ्यासाला मानस-सराव म्हणतात. या अभ्यासात मनासमोर उभ्या राहणाऱ्या अनुभवाला मनःप्रतिमा अशी संज्ञा आहे. ती केवळ दृश्य नसते. पकडीत आलेल्या मनगटाचा घाम, पायाखाली दबणारी माती, पंचाची शिट्टी, खांद्यावर आलेला भार आणि छातीतली धडधड हे सारे तिचे घटक होत. कुस्ती, ज्यूदो, कराटे, तायक्वांदो, मुष्टियुद्ध या द्वंद्वक्रीडांत स्पर्धेची पूर्वतयारी म्हणून हा अभ्यास आता जगभर रूढ झाला आहे. दिवास्वप्नात जय आपोआप मिळतो. मानस-सरावात तो डाव टाकूनच मिळवावा लागतो. हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्यालाच या साधनाचा उपयोग होतो.

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर अशा आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्यात हा विषय दोन अंगांनी महत्त्वाचा ठरतो. एक अंग आखाड्याचे. नागपंचमी आणि पोळ्याच्या सुमारास कुस्त्यांची दंगल भरवण्याची रीत विदर्भात जुनी आहे. विदर्भ केसरी किताबाचे मानकरी आणि पुढे २०१४ ते २०२४ या काळात वर्ध्याचे खासदार राहिलेले रामदास तडस हे देवळीचे. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेला हनुमान आखाडा आज श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून सर्वज्ञात आहे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्याच वर्षीच्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि मुलींना लाठीसारख्या स्वसंरक्षणाच्या विद्या शिकवण्याचा पायंडा पडला. दुसरे अंग शालेय क्रीडास्पर्धांचे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या या स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर चढतात. वर्धा जिल्हा नागपूर विभागात येतो. गावच्या आखाड्यात वाढलेल्या खेळाडूला म्हणूनच अल्पावधीत अनोळखी सभागृह, अनोळखी मॅट आणि कधीही न पाहिलेला प्रतिस्पर्धी यांना सामोरे जावे लागते. मानस-सरावाची खरी गरज येथे उत्पन्न होते.

मातीचा आखाडा आणि मॅट यांतील अंतर मोठे आहे. काळ्या कसदार जमिनीच्या या जिल्ह्यात आखाड्याची माती वेगळी तयार करावी लागते. लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मुरवण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. अशा मातीत पाय रुततो, पकड हळूहळू घट्ट होते आणि परंपरेनुसार कुस्ती चीतपट झाल्यावरच निकाली ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांची कुस्ती ९ मीटर व्यासाच्या वर्तुळात चालते. वरिष्ठ गटात ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. वर्तुळाबाहेर पाऊल पडले तरी प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो आणि मुक्त शैलीत १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा हीच अडचण त्यांच्यापुढे होती. मॅटचा सराव नसतानाही ते तेथे सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. ज्याच्या गावात मॅट नाही त्याने विभागीय स्पर्धेची तयारी कशी करावी, हा प्रश्न आजही शिल्लक आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग मनात आहे.

या अभ्यासाची बीजे आपल्या मल्लपरंपरेत स्पष्ट दिसतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल असे वर्ग केले आहेत. वर्गीकरणाची ही वृत्ती मराठी आखाड्यातही उतरली. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, टांग, कलाजंग, धोबीपछाड, मोळी, सवारी, घिस्सा, बगलडूब अशी डावांची नामावली मराठी मल्लाजवळ आहे आणि जवळपास प्रत्येक डावाला तोडही आहे. ज्या हालचालीला नाव नाही ती हवी तेव्हा मनात बोलावता येत नाही. वस्ताद हौद्याच्या कडेवरून ‘टांग लाव’ एवढेच ओरडतात आणि शिष्याच्या अंगात चार-पाच हालचालींची मालिका एकदम जागी होते. मानस-सरावासाठी लागणारी शब्दसामग्री अशा रीतीने आपल्याकडे आयतीच तयार आहे.

मल्लखांब हा याच विचारातला अत्यंत कल्पक टप्पा होय. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी या व्यायामप्रकाराचे पुनरुज्जीवन केले. पुरलेल्या लाकडी खांबाला मान असते, बोंड असते. खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा हा खांब प्रतिस्पर्ध्याच्या देहाच्या जागी मानून मल्ल त्यावर पकडी आणि पेच घोटवीत असे. खांब प्रतिकार करीत नाही. त्यामुळे पकडीनंतर समोरचा काय करील, हे मल्लाला स्वतःच्या मनातून पुरवावे लागते. मल्लखांब आज स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून वाढला आहे आणि त्याचे सौंदर्य वादातीत आहे; परंतु कल्पित प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याचे साधन हे त्याचे मूळ कार्य विस्मरणात जाऊ नये असे मला वाटते. आखाड्यातील मारुतीसमोर म्हटले जाणारे समर्थ रामदासांचे भीमरूपी स्तोत्रही येथे स्मरते. त्यात मारुतीच्या रूपाचे आणि बळाचे इतके बारकाईने वर्णन आहे की रोज ते म्हणणाऱ्या तरुणाच्या मनासमोर सामर्थ्याची एक ठाशीव मूर्ती उभी राहते. आधुनिक परिभाषेत ही प्रेरणात्मक मनःप्रतिमा ठरेल.

शास्त्रीय विचाराचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये असे मांडले की, हालचालीची कल्पनाच स्नायूंत सूक्ष्म प्रतिसाद निर्माण करते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी त्याला मोजमापाचा आधार दिला. हात दुमडण्याची नुसती कल्पना करणाऱ्या माणसाच्या दंडस्नायूत क्षीण विद्युत्स्पंदने आढळतात, हे त्यांनी दाखवले. पुढे फ्रान्समधील मार्क जानरो यांनी विषय स्नायूंकडून मेंदूकडे नेला. कल्पिलेली आणि केलेली हालचाल मेंदूतील बऱ्याच समान केंद्रांचा उपयोग करतात आणि दोहोंना लागणारा वेळही बहुधा सारखा असतो, या निरीक्षणांवरून क्रियात्मक समरूपतेचा सिद्धांत उभा राहिला. मेंदूला खरे आणि कल्पित यांतला फरक कळत नाही, असे विधान व्याख्यानांतून सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे. दोहोंत साम्य आहे, एकरूपता नाही. कल्पनेच्या वेळी प्रेरक केंद्रांतील क्रिया सौम्य असते आणि प्रत्यक्ष हालचालीला आतूनच आवर घातलेला असतो.

उपयोग किती होतो, याचेही मोजमाप झाले आहे. डेबोरा फेल्ट्झ आणि डॅनियल लँडर्स यांनी १९८३ मध्ये ६० अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. मानस-सराव करणारे खेळाडू काहीच सराव न करणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे अर्ध्या प्रमाण-विचलनाइतके सरस ठरले. हा परिणाम मध्यम आहे आणि प्रत्यक्ष सरावाच्या परिणामाहून कमी आहे. जेम्स ड्रिस्केल आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या विश्लेषणात आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या क्रियेत निर्णयाचा आणि क्रमाचा भाग अधिक, तिला मानस-सरावाचा लाभ अधिक होतो. आणि हा लाभ दिवसांगणिक ओसरतो, म्हणून एक-दोन आठवड्यांत उजळणी हवी. निव्वळ ताकदीबाबतचा २००४ चा क्लीव्हलंड क्लिनिकमधील प्रयोगही प्रसिद्ध आहे. १२ आठवडे करंगळी बाजूला ताणण्याची फक्त कल्पना करणाऱ्यांची त्या स्नायूची शक्ती ३५ टक्क्यांनी वाढली, तर प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ५३ टक्क्यांनी. कोपराच्या मोठ्या स्नायूंत कल्पनेने झालेली वाढ मात्र १३.५ टक्केच होती. जोर-बैठकांना पर्याय नाही, हे या आकड्यांतूनच उघड होते.

द्वंद्वक्रीडांपुरते बोलायचे तर १९८१ मधील रॉबर्ट वाइनबर्ग, थॉमस सीबर्न आणि ॲलन जॅक्सन यांचा कराटेवरील अभ्यास पायाभूत मानावा लागेल. त्यांनी ३२ खेळाडूंचे चार गट केले. पहिल्या गटाला शिथिलीकरण आणि मनःप्रतिमा यांचा संयुक्त अभ्यास दिला. रिचर्ड सुइन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीला दृश्य-प्रेरक वर्तनाचा पूर्वाभ्यास म्हणता येईल. दुसऱ्या गटाला केवळ शिथिलीकरण, तिसऱ्याला केवळ मनःप्रतिमा आणि चौथ्याला तुलनेपुरते साधे काम मिळाले. सहा आठवड्यांनंतर सुटी कौशल्ये, हालचालींच्या जोडण्या आणि प्रत्यक्ष लढत अशा तीन कसोट्या घेतल्या. पहिल्या दोन कसोट्यांत गटागटांत फरक पडला नाही. लढतीत मात्र संयुक्त अभ्यास करणारा गट इतर तिन्ही गटांहून सरस ठरला. शिथिलीकरण करणाऱ्या दोन्ही गटांची स्पर्धेच्या वेळची चिंताही कमी आढळली. माझ्या दृष्टीने हा निष्कर्ष फार अर्थपूर्ण आहे. जिथे समोर जिवंत, प्रतिकार करणारा माणूस आहे, तिथेच या अभ्यासाने आपला प्रभाव दाखवला. आणि तोही शरीर आधी शांत केल्यावर.

मनःप्रतिमांचे वर्गीकरण दोन प्रकारे करतात. पहिले दृष्टिकोनावरून. खेळाडू स्वतःच्या डोळ्यांतून प्रतिस्पर्ध्याकडे पाहत असेल तर ती अंतःस्थ प्रतिमा. प्रेक्षकाच्या जागेवरून स्वतःलाच खेळताना पाहत असेल तर ती बाह्यस्थ प्रतिमा. अंतःस्थ प्रतिमा नेहमीच श्रेष्ठ, असा समज बराच काळ होता. लू हार्डी आणि निकोला कॅलो यांनी १९९९ मध्ये त्याला धक्का दिला. कराटेतील काता हा ठरलेल्या हालचालींचा क्रम शिकताना बाह्यस्थ प्रतिमा वापरणाऱ्यांची प्रगती अधिक झाली, कारण तिथे देहाचा आकारच तपासला जातो आणि तो बाहेरूनच नीट दिसतो. तायक्वांदोतील पूमसे या प्रकारालाही हेच लागू पडावे. झुंजीत मात्र प्रतिस्पर्ध्याची चाहूल आणि पकडीचा स्पर्श महत्त्वाचा, म्हणून तिथे अंतःस्थ प्रतिमा सोयीची.

दुसरे वर्गीकरण कार्यावरून आहे. ॲलन पैव्हिओ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या आराखड्यावरून क्रेग हॉल आणि सहकाऱ्यांनी ते पाच प्रकारांत पूर्ण केले. एखादा डाव घोटण्यासाठीची प्रतिमा ही कौशल्यविषयक. संपूर्ण लढतीची आखणी करणारी ती व्यूहविषयक. पदक स्वीकारण्यासारखे ध्येय समोर आणणारी प्रतिमा, मनाचा ताण किंवा जोश हवा तितका राखणारी प्रतिमा, आणि अवघड क्षणी स्वतःला खंबीर राहिलेले दाखवणारी प्रतिमा हे उरलेले तीन प्रेरणात्मक प्रकार होत. नवोदित मुले बहुधा ध्येयाच्या प्रतिमेतच रमतात. ती वर्ज्य नाही, पण एकटीच उरली तर तिचे दिवास्वप्न होते.

प्रत्यक्ष पद्धत एका डावावरून पाहू. विभागीय स्पर्धेसाठी वर्ध्याहून नागपूरला जाणारी, एकेरी पट हा हुकमी डाव असलेली एक मुलगी कल्पावी. प्रवास सुमारे ७५ किलोमीटरचा, म्हणजे वेळ पुरेसा आहे. ती प्रथम पाच-सहा संथ श्वास घेते आणि खांदे, जबडा, तळहात सैल सोडते. मग मॅट उभी करते: तळव्यांना लागणारा तिचा गुळगुळीत, किंचित चिकट पृष्ठभाग, कडेचा लाल पट्टा, दिव्यांचा प्रकाश. समोरची मुलगी उजवा पाय पुढे ठेवून उभी आहे. आपला हात तिच्या मानेवर जातो, ती प्रतिकारासाठी हात वर घेते, तेवढ्यात कंबर न वाकवता गुडघ्यांतून खाली बसायचे, डावा गुडघा मॅटला टेकवत आत शिरायचे, डोके तिच्या बरगड्यांना भिडवायचे आणि दोन्ही हातांनी गुडघ्यामागे पकड बांधायची. छातीला तिच्या मांडीचा स्पर्श होतो तो क्षण स्पष्ट जाणवला पाहिजे. हे सारे जेवढ्या वेळात मॅटवर घडते तेवढ्याच वेळात मनात घडावे. संथ गती शिकताना चालते, स्पर्धेच्या तोंडावर नको.

येथवर प्रत्येकजण येतो. कस लागतो तो पुढे. मनातल्या प्रतिस्पर्ध्याला प्रतिकार करू दिला पाहिजे. ती पाय मागे फेकून सगळा भार मानेवर टाकते. मान दुखते, पकड सुटू लागते. आता एक वाट म्हणजे पकड न सोडता बगल देऊन तिच्या पाठीमागे जाणे. दुसरी म्हणजे पाय उचलून उभे राहणे आणि दुसऱ्या पायाला टांग मारणे. तिसऱ्या आवृत्तीत पट फसतो आणि दोन गुण जातात. तेव्हा उठून जागेवर येणे, श्वास सावरणे आणि पुन्हा हात लढवणे हेही मनात करायचे. आखाड्याच्या भाषेत डावाबरोबर तोड आणि तोडीवर पुन्हा डाव, अशी ही साखळी आहे. धावपटूला किंवा नेमबाजाला अशा शाखांची गरज क्वचित पडते. मल्लाला ती पदोपदी पडते. द्वंद्वक्रीडेतील मानस-सरावाचे वैशिष्ट्य मी येथेच मानतो. प्रतिस्पर्धी ज्या प्रतिमेत निमूट पडतो ती प्रतिमा मल्लाच्या कामाची नाही.

पॉल होम्स आणि डेव्हिड कॉलिन्स यांनी २००१ मध्ये या पद्धतीची सात अंगे सांगितली: शरीरस्थिती, परिसर, कार्य, वेळ, शिक्षणाची पायरी, भावना आणि दृष्टिकोन. त्यांचे सार असे की प्रतिमा प्रत्यक्षाच्या जितकी जवळ तितकी उत्तम. पलंगावर पडून केलेल्या सरावापेक्षा स्पर्धेचा पोशाख घालून, पवित्र्यात उभे राहून केलेला सराव बरा. परिसराच्या अंगाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. वर्ध्याच्या प्रशिक्षकाने मागील वर्षीच्या विभागीय स्पर्धेचे सभागृह मोबाइलवर चित्रित करून ठेवले, वजनकाट्याची रांग आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाणारी नावे यांसह, तर मॅट कधी न पाहिलेल्या मुलांनाही ते सामग्री म्हणून पुरेल. बैठक १०-१५ मिनिटांची असावी आणि ती प्रत्यक्ष सरावाला जोडून व्हावी. दुखापतीच्या आणि वजन उतरवण्याच्या दिवसांत, जेव्हा शरीराला विश्रांती हवी असते, तेव्हा तिचे मोल वाढते.

महाराष्ट्रात हे ज्ञान खेळाडूंपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय नाशिकचे भीष्मराज बाम यांना जाते. भारतीय पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बाम यांनी योगाभ्यास आणि क्रीडामानसशास्त्र यांची सांगड घातली, अंजली भागवत यांच्यासह अनेक खेळाडूंना मार्गदर्शन केले आणि ‘विनिंग हॅबिट्स’ हे पुस्तक लिहिले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा स्वतःचा खेळ नेमबाजीचा होता. कुस्तीच्या आखाड्यासाठी तेच काम तितक्याच निष्ठेने अजून व्हायचे आहे.

मर्यादांचीही नोंद हवी. जो डाव अंगात बसलेला नाही तो मनात चुकीचाच बसतो; वस्तादाने तपासल्यावरच तो मानस-सरावात घ्यावा. पराभवाची प्रतिमा, तिच्यातून बाहेर पडण्याची वाट न दाखवता घोळवत राहिल्यास, कामगिरी खालावते; १९८५ मध्ये रॉबर्ट वूलफोक आणि सहकाऱ्यांनी गोल्फवर केलेल्या प्रयोगात फटका चुकल्याची कल्पना करणाऱ्यांचे असेच झाले. काही माणसांना मनात चित्रच दिसत नाही. ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला ‘अफँटेशिया’ असे नाव दिले; हा आजार नव्हे. अशा खेळाडूला डोळे मिटून चित्र पाहण्याचा आग्रह करू नये. त्याने डावाची नावे क्रमाने पुटपुटत, पवित्र्यात उभे राहून, हातापायांच्या अर्ध्या-मुर्ध्या हालचालींसह तोच क्रम करावा. १४ वर्षांखालील मुलांसाठीही हीच रीत अधिक योग्य आहे, कारण लहान वयात शांत बसून दीर्घकाळ प्रतिमा धरून ठेवणे कठीण जाते. त्यांना एका वेळी एक डाव, एक तोड आणि दोन-तीन मिनिटे एवढे पुरे.